स्वेलिमचं पोतं

ऐन खुदरा, २० जानेवारी १९९२

हमदानच्या लेकीस,

सलाम. मी बरी आहे, शेळ्या बऱ्या आहेत, तूही बरी असशील. हे शेवटचं शौकी मास्तरांनी घातलं. पत्रात असं लिहायचं असतं म्हणाले. इथल्या शाळेवर नेमणूक झाली आहे त्यांची. नाईलकाठचा माणूस, आमच्या थंडीने कुडकुडतोय. अक्षर वाकडं आलं तर दोष थंडीचा, माझा नाही.

तू सिनाईच्या दुसऱ्या टोकाला तूरला गेलीस तेव्हापासून मी तुला निरोप धाडला नाही, आताही धाडला नसता. पण घोडं अडलंय. वर पठारावरची गोल दगडी घरं आठवतात ना, नवामीस? वाळवंटात भटकणाऱ्या बनी इस्राईलनी डासांपासून लपायला बांधली म्हणून आपल्या आज्या सांगायच्या. तर ती घरं नाहीत म्हणे, थडगी आहेत. पिरॅमिडच्याही आधीची. माझ्या मावशीचा नातू फर्राज गोऱ्या लोकांना उंटावर बसवून तिकडे नेतो. ते त्या बुटक्या दारातून रांगत आत शिरतात, आत काहीच नसतं, आणि खूश होऊन बाहेर येतात. रिकाम्या थडग्याचं एवढं कौतुक मी जन्मात पाहिलं नाही.

पण कडेचं थडगं रिकामं नाही. त्यात स्वेलिमचं पोतं आहे. माझा भाऊ आणि तुझा तेव्हाचा नवरा, हे मास्तरांच्या माहितीसाठी सांगते, तू विसरली नसशील. इस्राईलशी लढाईत हार झाली त्या उन्हाळ्यात वाट चुकलेल्या आपल्या शिपायांना सुएझच्या कालव्यापर्यंत पोचवायला निघाला तेव्हा त्याने ते तिथे ठेवलं. थंडीच्या आत येतो म्हणाला, म्हणून मेंढीच्या कातड्याचा कोटही आत बांधून गेला.

आता कैरोहून जुन्या वस्तूंचे साहेब आलेत. मोठ्या, कुर्बानीच्या ईदनंतर थडग्यांभोवती तारेचं कुंपण घालणार. त्याआधी मालकाने सामान न्यावं, नाहीतर ते उचलून त्यांच्या कोठारात ठेवतील. मी त्यांना सांगितलं, आमच्यात बाभळीला टांगलेलं किंवा दगडी घरात ठेवलेलं सामान मालकाशिवाय कुणी शिवत नाही. कुलूप नाही, राखण नाही, वर्षानुवर्षं राहतं. साहेब म्हणाले, ठीक आहे, मग मालकाला बोलवा. मी म्हटलं, बाहेर गेलाय. कधी गेला? म्हटलं, या उन्हाळ्यात पंचवीस वर्षं होतील. साहेबांनी वही मिटली.

सुएझकडचे सगळे ट्रक तूरला थांबतात. स्वेलिमचा काही ठावठिकाणा तुझ्या कानावर आला असेल तर कळव. त्याला म्हणावं, येऊन आपलं पोतं उचल.

नफला बिन्त जुमा


तूर, ११ फेब्रुवारी १९९२

नफला वन्सं यांना,

तुमचं पत्र रबाबने वाचून दाखवलं. ही माझी धाकटी, इद्रीसपासूनची. पत्र आलं म्हटल्यावर आधी मनात आलं, तुमचंच काही बरंवाईट झालं की काय. मग ऐकलं, आणि वाटलं, झालं असतं तरी तुम्ही असंच भांडत कळवलं असतं.

वन्सं, किती वर्षं झाली? ज्या पोरांना तेव्हा दात फुटत होते त्यांना आता पोरं झाली. तुम्ही मला विचारता, त्याचा ठावठिकाणा कळव. कुठून कळवू? अहो, तो गेला. सगळ्या वादीला, सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे, तुमच्या शेळ्यांना ठाऊक आहे. पंचांनी चार वर्षं वाट बघायला लावली, मग मोकळी केली, आणि मी इद्रीसशी लग्न केलं. तुम्ही आला नाहीत, तोंड फिरवलंत, ते सोडून देऊ. जेवणाचं वाईट वाटलं, तुमच्यासाठी कलेजी बाजूला काढून ठेवली होती.

ते निळ्या ठिगळाचं पोतं आता मालकाचं नाही, वारसांचं आहे. वारस दोघीच, मी बायको आणि तुम्ही बहीण. पण वारसाने हात लावायचा तर आधी माणूस गेला असं म्हणावं लागतं. मी पंचांसमोर म्हटलं आणि तुमच्या नजरेतून उतरले. आता तुम्ही म्हणा. एकदा तोंडाने म्हणा, मास्तरांकडून लिहून पाठवा, मी दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये बसते. आपण दोघी जाऊन ते पोतं काढू. मग साहेबांनी खुशाल कुंपण घालावं.

तुमच्या गुडघ्यांना तिळाचं तेल लावत जा.

सबहा


ऐन खुदरा, २ मार्च १९९२

हमदानच्या लेकीस,

पहिली गोष्ट, मला वन्सं म्हणू नकोस. ज्याच्यामुळे मी तुझी वन्सं होते त्याला तू पंचांसमोर मारून टाकलंस. आता इद्रीसच्या बहिणींना म्हण वन्सं. दुसरी गोष्ट, माझ्या गुडघ्यांची चौकशी नको. त्याच गुडघ्यांनी मी दर आठवड्याला पठार चढते. तूरला खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

मी विचारलं काय आणि तू सांगतेस काय. ठावठिकाणा विचारला तर वारस सांगतेस. मी वारसबिरस काही नाही. जिवंत माणसाचे वारस नसतात.

इथे माझ्या डोक्याला ताप काय कमी आहे? परवा फर्राजने आणलेली एक बाई कडेच्या थडग्यात शिरली आणि किंचाळत बाहेर आली. आत मढं आहे म्हणे, कापडात गुंडाळलेलं. मग बाकीचे सगळे फोटो काढायला रांगेत. मी शेळ्या सोडून धावत गेले. मढं नाही, कोट आहे, मी ओरडले. फर्राजने त्यांच्या भाषेत काय सांगितलं देव जाणे, त्यांनी माझाही फोटो काढला. नंतर तो मला म्हणतो, मावशी, मी ते पोतं नुसतं शेजारच्या थडग्यात सरकवतो, कुणाला कळणार आहे? मी विचारलं, तू कुणाचा मुलगा? म्हणाला, असं का विचारतेस? म्हटलं, दुसऱ्याच्या सामानाला हात लावणारा आपल्यात अजून जन्मला नाही, म्हणून तपासून बघतेय. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बरंच झालं.

आणि साहेब. ते रोज येतात, दोरीने थडगी मोजतात, माझा चहा पितात आणि विचारतात, भाऊ आला का? चांगला माणूस आहे, पण मला त्याला त्याच्याच तारेत बांधून ठेवावंसं वाटतं.

तू म्हणतेस तो गेला. मी सांगते, तो आहे. नुसतं म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा आहे. पण तुला सांगणार नाही. तुला सांगितलं की त्याला दृष्ट लागेल.

नफला


तूर, १९ मार्च १९९२

वन्सं,

म्हणणारच. तुम्ही नको म्हटलं म्हणून जुनी सवय सुटते होय?

रोजा आहे, उपाशी पोटी रागावू नये म्हणतात. म्हणून दोन दिवस थांबले आणि आज सूर्य बुडाल्यावर, मगरिबनंतर, खजूर-पाणी घेऊन लिहायला बसवलंय रबाबला. तरी राग आहेच. खजुराने काही फरक पडला नाही.

तुम्हाला काय वाटतं, मी त्याला शोधला नाही? कालवा बंद होता तोवर पलीकडे चिटपाखरू जात नव्हतं. उघडला, रस्ता चालू झाला, आणि पलीकडे अडकलेली माणसं परत येऊ लागली. कुणाची दाढी पांढरी, कुणाचा हात नाही. मी रस्त्यावर जाऊन उभी राहायचे. पोटात रबाब होती, तरी उभी राहायचे. प्रत्येक ट्रकला विचारायचे, जुमाचा स्वेलिम, उंच, डाव्या भुवईवर कापल्याची खूण. इद्रीस पाण्याची बाटली घेऊन मागे उभा असायचा. माझ्या दुसऱ्या नवऱ्याने माझ्या पहिल्या नवऱ्याची वाट बघितली आहे, वन्सं. हे तुमच्या कुठल्या आजीच्या गोष्टीत होतं?

एक माणूस भेटला. तो त्या शिपायांमधलाच. म्हणाला, हो, एक बदू वाटाड्या आम्हाला नेत होता, पाणी कुठे आहे ते त्याला न बघता कळायचं. मग कालव्याच्या अलीकडे विमानं आली. पुढचं मी त्याला बोलू दिलं नाही. मला पुरे झालं.

हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला आले होते. तुम्ही तंबूचा पडदा खाली सोडलात.

आता तुम्ही सांगा तुमचा पुरावा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? मोठ्या ईदपर्यंत वेळ आहे, पण किती? ते साहेब उचलतील पोतं आणि कोठारात ठेवतील कुठल्यातरी राजाच्या हाडांशेजारी. मग त्याला हात कोण लावणार हे तुम्हाला कोण विचारणार आहे?

सबहा


ऐन खुदरा, १२ एप्रिल १९९२

हमदानच्या लेकीस,

ईद मुबारक. ईदला मी कुणाकडे गेले नाही. तुझं पत्र मास्तरांनी दोनदा वाचलं. ते विमानांचं दुसऱ्यांदा वाचायला नको म्हणत होते. मी त्यांना सांगितलं, ऐकीव गोष्ट आहे, मनावर घेऊ नका. तू त्या माणसाला पुढचं बोलू दिलं नाहीस ना? मग तुला काय ठाऊक पुढे काय झालं.

आता तू विचारतेसच तर सांगते. मध्ये बोलू नकोस. पत्रात मध्ये बोलता येत नाही, एवढं एक पत्राचं बरं आहे.

दर वर्षी खजूर उतरायला तुम्ही तूरचे लोक चार दिवस खाली बागेत येता. तुझ्या बापाचे खजूर, तुझा हक्क, माझं काही म्हणणं नाही. फक्त तुझं तोंड दिसू नये म्हणून मी तेव्हा शेळ्या घेऊन पलीकडच्या वादीत जाते. परत आले की घरी न जाता आधी पठारावर जाते, पोतं जागेवर आहे ना बघायला. आणि दर वर्षी पोत्याच्या तोंडाशी, दोरीच्या गाठीत, दवण्याची जुडी खोचलेली असते. ताजी. कसर लागू नये म्हणून आपण लोकरीत घालतो तोच रानदवणा. एक वर्ष चुकलं नाही, फक्त पुराचं ते एक वर्ष सोडून.

आता तू हुशार आहेस, सांग. दवणा आमच्याकडे उगवतो का? नाही. तो पलीकडे, ख्रिस्ती साधूंच्या मठाच्या उंच डोंगरात उगवतो. म्हणजे येणारा पश्चिमेकडून येतो. स्वेलिम कुठे गेला? पश्चिमेला. आणि दुसऱ्याच्या पोत्याच्या गाठीला हात कोण लावेल? कुणी नाही. मेला तरी लावणार नाही. फक्त मालक लावेल. त्याच्या कोटाला कसर लागू नये ही काळजी मालकाशिवाय कुणाला असणार?

तो येतो. दर वर्षी येतो. आणि त्याच दिवसांत का येतो, तेही मला कळलंय. तुला लांबून बघायला. बायको दुसऱ्याच्या चुलीशी बसलेली, हा कुठल्या तोंडाने समोर येईल? म्हणून बिचारा आपल्याच पोत्याला भेटून परत जातो. मला सुद्धा भेटत नाही, कारण मी त्याला विचारीन. मी हे सगळं इतकी वर्षं पोटात ठेवलं. त्या सगळ्या जुड्या मी पिशवीत भरून उशाशी ठेवल्यात. वाळून चुरा झालाय, पण वास आहे.

तू पंचांसमोर घाई केली नसतीस तर तो आज माझ्या तंबूत बसून कॉफी कुटत असता. हे मी तुला कधी म्हटलं नव्हतं. आता म्हटलं.

तेव्हा त्याला निरोप पोचव. तू त्याला शोधू शकत नाहीस तर मठाच्या बाजूच्या लोकांना सांग. मोठ्या ईदच्या आत ये म्हणावं. कुणी काही विचारणार नाही. मी पण नाही.

नफला


तूर, १० मे १९९२

वन्सं,

उत्तराला उशीर झाला. तब्येत बरी नव्हती.

ते पोतं काढून घ्या. कुणाची वाट बघू नका. तो मेला म्हणा किंवा नका म्हणू, माझा हट्ट नाही. नुसतं काढा आणि तंबूत ठेवा. हवं तर फर्राजला सांगा, हवं तर मी येते. दवण्याचं एवढं मनावर घेऊ नका. वाऱ्यानेसुद्धा येतं काहीबाही उडत.

कारण विचारू नका, एवढी एक विनंती.

सबहा


ऐन खुदरा, १७ मे १९९२

हमदानच्या लेकीस,

वारा!

मी जन्मभर या पठाराखाली राहतेय. माझ्या वाऱ्याने तंबू उडवले, एकदा फर्राजच्या बापाचं मुंडासं पार ऐन खुदराच्या विहिरीत नेऊन टाकलं. पण दवणा तोडून, जुडी बांधून, गाठीत खोचून जाणारा वारा मी पाहिला नाही. मला काय दुधखुळी समजतेस?

तू खोटं बोलतेस हे मला लगेच कळलं. तुला खोटं बोलता येत नाही, नवीन लग्न होऊन आलीस तेव्हाही येत नव्हतं. माझी तूप सांडलेली बुधली लपवून ठेवली होतीस आणि सबंध दिवस त्या बाजूला बघतच नव्हतीस. म्हणून मी मास्तरांना म्हटलं, हिची सगळी पत्रं पहिल्यापासून वाचा. त्यांनी वाचली. पहिल्याच पत्रात मी त्यांना थांबवलं.

निळ्या ठिगळाचं पोतं.

तुला कसं ठाऊक ठिगळ निळं आहे ते? तू गेलीस तेव्हा पोतं धड होतं. ठिगळ मी लावलं, उंदरांनी कुरतडलं तेव्हा, माझ्या लग्नातल्या झग्याचा तुकडा तोडून. त्याला पाच-सहा वर्षंसुद्धा झाली नसतील. ते मी कुणाला सांगितलं नाही. फर्राजलाही नाही. थडग्यात रांगत, अगदी आत गेल्याशिवाय ते दिसत नाही, भिंतीकडच्या अंगाला आहे.

पुराचं ते वर्षही आठवलं. त्या वर्षी तूरचा रस्ता बंद होता. तुम्ही कुणी खजुराला आला नव्हतात.

म्हणजे तू.

तूरचा ट्रक मठाच्या डोंगरातून येतो. हे मला आधी का सुचलं नाही? कारण दुसऱ्याच्या तंबूत गेलेली बाई त्याच्या गाठीला हात लावेल हे माझ्या डोक्यातच येईना. आपल्यात कुणी लावत नाही. कुणीच लावत नाही. मी त्याच एका गोष्टीवर एवढी वर्षं

(बाई इथे थांबल्या. त्या बाहेर जाऊन बसल्या आहेत, शेळ्या परत आल्या तरी उठल्या नाहीत. पत्र पाठवू का विचारलं, तर मान हलवली. तसंच पाठवतो. शौकी.)


तूर, २४ मे १९९२

वन्सं,

हो. मीच.

हे रबाबकडून लिहून घेताना मला लाज वाटत होती. पण तिला ठाऊकच होतं, पोरींना सगळं ठाऊक असतं. इद्रीसलाही ठाऊक आहे. मी वर पठारावर गेले की तो खाली खजुरांपाशी चहा करायचा, आणि मी उतरले की विचारायचा, पाय दुखले का? तेवढंच. बाकी कधी काही विचारलं नाही.

पहिल्या वर्षी मी वर गेले ती शिव्या द्यायला. तुम्ही पडदा सोडलात ना, त्याच दिवशी. तुमच्यापाशी रडायला आले होते, ते झालं नाही, मग दुसरं कुणाकडे जाऊ? रांगत आत गेले आणि पोत्यासमोर बसून त्याला हवं ते बोलले. थंडीच्या आत येतो म्हणाला होतास ना, कुठली थंडी, कुठल्या जन्मातली? बोलून बोलून घसा सुकला. ओढणीच्या टोकाला पोटदुखीसाठी आणलेला दवणा होता. कोटाला कसर लागेल वाटलं. रागाच्या भरातसुद्धा तेच वाटलं, काय करणार. खोचला आणि निघाले.

पुढच्या वर्षी गेले तर दवणा तिथे नव्हता. कुणीतरी काढून नेला होता. वन्सं, मला त्या वेळी किती बरं वाटलं हे तुम्हाला कसं सांगू. तुमच्याशिवाय कोण नेणार? मला वाटलं, तुम्हाला कळलं. माझ्याशी बोलणार नाही, पण माझा दवणा घेता. मग मी नवा खोचला. दर वर्षी खोचला. दर वर्षी तुम्ही नेलात. आणि मग एकदा ते ठिगळ दिसलं. तो झगा मी ओळखणार नाही? तुमच्या लग्नात त्याच्या गळ्याचे टाके मीच घातले होते, लहान होते तरी. मला वाटलं, हा तुमचा सलाम. भिंतीकडे वळवून घातलाय, म्हणजे मलाच दिसावा म्हणून. त्या दिवशी उतरताना मी गात होते. इद्रीस म्हणाला, आज पाय दुखत नाहीत वाटतं.

मी एवढी वर्षं समजत होते की आपण बोलतोय. आणि तुम्ही तिकडे माझ्या दवण्यावर त्याला जिवंत ठेवून बसला होतात. तुमचं ते पत्र वाचल्यावर मी अंथरूण धरलं. हे सांगितलं तर तुमचा भाऊ माझ्या हातून पुन्हा एकदा जाणार, आणि न सांगावं तर तुम्ही कुंपणापाशी बसून राहणार. काय करू सुचेना, म्हणून तो वारा. मूर्खपणा झाला, मान्य आहे.

हात लावल्याचं म्हणाल, तर तुम्ही ठिगळ लावलंत त्याला काय म्हणायचं? बाहेरून टाके घातले म्हणजे हात लागला नाही, हा तुमचा न्याय असणार. ठीक आहे, मीही गाठ सोडली नाही, नुसतं खोचलं. पंच बसवा हवं तर, दोघींना मिळून दंड होईल.

आणखी एक सांगायचं आहे. मी पहिल्या पत्रात लिहिलं, तो गेला असं म्हणा. आता म्हणते, नका म्हणू. मी सगळ्या जगाला सांगत फिरले, नफला वन्संना वेड लागलंय. पण तुम्ही तिकडे तो येणार म्हणून बसला होतात ना, म्हणून मी इकडे तो गेला म्हणून जगू शकले. दोघींपैकी एकीने वाट बघायची होती. ती तुम्ही बघितलीत. ती पण सुटली तर त्याचं कोण उरलं?

तुम्ही काही म्हणा, न म्हणा, मी येते. तुम्ही पडदा सोडलात तर बाहेर बसेन.

सबहा


ऐन खुदरा, ३१ मे १९९२

वहिनी,

मास्तर विचारतात, वहिनी लिहू का हमदानची लेक? मी म्हटलं, सांगितलं तेवढं लिहा.

तुझं पत्र आलं तेव्हापासून माझा संताप संताप होतोय आणि कुणावर काढावा कळत नाही. तुझ्यावर काढायचा तर तू दवणा आणलास. माझ्यावर काढायचा तर मी काय केलं? फर्राजवर काढला, तो म्हणाला, मावशी, तू माझ्याशी बोलत नव्हतीस ना? म्हणजे बघ. आणि तुझ्याशी इतकी वर्षं मी अबोला धरला, खजुराच्या हंगामात पाय तोडत पलीकडच्या वादीत गेले, एकदा तिथे शेळी दरीत पडून मेली, ती पण अबोल्याच्या खात्यात. आणि आता कळतंय की आपलं बोलणं चालूच होतं. मला कुणी सांगितलं नाही. एवढा अबोला वाया गेला.

ठिगळ तुझ्यासाठी नव्हतं. उंदरांसाठी होतं. भिंतीकडे लावलं कारण तिथेच कुरतडलं होतं. पण तू त्या दिवशी गात उतरलीस, तर असू दे. सलाम समज.

काल मी वर गेले. साहेबांनी कुंपणाचे खांब आणून टाकलेत, दोन थडग्यांच्या मध्ये. मला बघून त्यांनी विचारलं नाही, भाऊ आला का. मास्तरांनी त्यांना सांगितलं असणार. मी आत शिरले. आत गार असतं, तुला ठाऊकच आहे. सगळ्या जुड्यांची पिशवी बरोबर नेली होती, ती मांडीवर घेऊन बसले. ती घरं आहेत असं आजी सांगायची तोवर काही वाटत नव्हतं, माणूस घरात सामान ठेवून जातो आणि परत येतो. हे साहेब आले आणि म्हणाले थडगं. मी तुला पत्र धाडलं ते कुंपणामुळे नव्हे, त्या शब्दामुळे. आता कळतंय.

तू म्हणतेस, नका म्हणू. आधी म्हणा म्हणतेस, मग नका म्हणू म्हणतेस, एका गोष्टीवर राहा की. एकीने वाट बघायची होती, ती मी बघितली. आता माझे गुडघे दुखतात.

लिहा मास्तर. माझा भाऊ स्वेलिम कालव्याच्या वाटेवर गेला. त्या उन्हाळ्यातच गेला. मास्तरांनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, उचला आणि लिहा, दुसऱ्यांदा माझ्या तोंडून निघणार नाही. लिहिलं त्यांनी. मला दाखवलं. मला वाचता येत नाही, पण बघितलं.

तू बायको, मी बहीण. एक टोक तू धर, एक मी. पोतं बाहेर काढू, बाभळीखाली नेऊ आणि गाठ सोडू. तंबूचा तुकडा असेल, कॉफी कुटायचं उखळ असेल. उखळ तुझं. कोट मास्तरांना देऊ. ते हे लिहायला तयार नाहीत, नको नको म्हणतायत, पण मी ऐकणार नाही. कसर लागलेली नसणार, तुझी मेहनत आहे त्यात. आणि थंडीत त्यांचे हात गारठले तर आपली पत्रं कोण लिहील?

मोठ्या ईदच्या आधी ये. इद्रीसला घेऊन ये. त्याला माझ्या तंबूत बसून चहा करायला सांग, खाली खजुरांपाशी नको. पडदा वर बांधलेला आहे, मीच बांधलाय, गाठ पक्की आहे.

येताना मठाच्या डोंगरात ट्रक थांबवून दवणा घे. पोत्यात घालायला नको. या वेळी माझ्या हातात दे.

नफला